उमावहिनींच्या नळाची धार

शेजारच्या उमावहिनींच्या नळाची धार मनगटाएवढी जाड होती आणि आमच्या नळाची करंगळीएवढीसुद्धा नव्हती. महाराजांनी आजव्याच्या तळ्याचं पाणी बडोद्यात आणलं ते सगळ्यांसाठी सारखंच. तेच तळं, तीच वेळ, मधे एक भिंत. (म्हणजे दैवाला बोल लावायचीही सोय नाही!)

आमचा नळ सोडला की आधी खोकायचा, मग विचारात पडायचा, मग एक दोरा सोडायचा. घागर भरेस्तोवर माझी मेथीची जुडी निवडून व्हायची. भिंतीपलीकडे मात्र धो धो! आणि वर वहिनींचा आवाज, "अगंबाई, सांडलंच की!" रोज सांडायचं. ते मला ऐकू यावं म्हणूनच सांडतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शुक्रवारी माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदकुंकू होतं. सगळ्या आळीतल्या बायका येणार. त्याआधी आमची धार वहिनींच्या वरताण झालीच पाहिजे, असं मी ठरवलं. त्यांच्याकडे नळाचं काम कोण करतं, हे त्यांनाच विचारलं असतं तर एका वाक्यात भागलं असतं. पण त्यांना विचारायचं? त्यापेक्षा मी जन्मभर विहिरीवर गेले असते!

म्हणून समोरच्या ठकूकाकूंना गाठलं.

"काकू, नळाचं काम करणारा कुणी भरवशाचा माणूस आहे का हो?"

"आहे की! लहरीपुऱ्यातला छगन मिस्त्री. इतका भरवशाचा, की विचारू नकोस! आमच्याकडे पाच वेळा आला. बोलावलं की हजर!"

पाणी भरायला आलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे तर सात वेळा. आता घरच्यासारखाच झालाय. न सांगता ताक मागतो."

मी हरखून गेले. एवढा घरोबा असलेला माणूस! (एका नळासाठी एकच माणूस सात वेळा का येतो, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. पुढे पडला.)

गुरुवारी छगन मिस्त्री आला. मी परक्या पुरुषापुढे जात नाही, दाराआडून बोलते. त्यामुळे तो मोरीपाशी काय करतोय ते दिसेना. नुसती ठोकाठोक ऐकू येत होती. जोरात चालली होती, म्हणजे काम पक्कं असणार!

"बेन, केटलुं जोर जोइए?" त्याने विचारलं. धारेला जोर किती हवा?

माझा आवाज एरवी माझा मलाच ऐकू येत नाही. पण तेव्हा मी दाराआडून अशी ओरडले, की त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"शेजारच्यांपेक्षा जास्त!"

"थई जशे, बेन, होऊन जाईल! पण आज नळ उघडू नका. सांधा वाळू द्या. उद्या बघा गंमत!"

गंमत!

सगळीकडे गौर माजघरात मांडतात. मी ती मागच्या ओसरीत मांडली, मोरीच्या बरोबर समोर. (कुणी विचारलंच तर "इथे वारा छान येतो" हे उत्तर पाठ करून ठेवलं होतं.) पाणी चारला यायचं, म्हणून बायकांनाही चारलाच बोलावलं. उमावहिनी अंजिरी लुगडं नेसून आल्या. बायकांनी गौर पाहिली, आंब्याची डाळ पाहिली, वहिनींचं लुगडं पाहिलं. नळाकडे कुणी ढुंकून बघेना! शेवटी मीच म्हटलं, "हात धुवायचेत का कुणाला?" आणि उत्तराची वाट न बघता नळ फिरवला.

तो खोकला नाही. विचारातही पडला नाही. तोटी सरळ माझ्या हातात आली, आणि मागोमाग धार! वहिनींच्या वरताण, अगदी मागितली होती तश्शी! ती गौरीच्या पायऱ्यांवर आदळली. कलिंगडाची कमळं तरंगू लागली, हळद आणि कुंकू एकत्र होऊन द्वारकाबाईंच्या अंगावर गेलं.

"अगं, बंद कर ना!" ठकूकाकू किंचाळल्या.

"कशी करू? बंद करायचं ते माझ्या हातात आलंय!"

"मग छगनला बोलाव! तो बोलावलं की येतो!"

एवढ्यात उमावहिनींनी शांतपणे पदर खोचला, गौर उचलली आणि म्हणाल्या, "चला गं, सगळ्या आमच्याकडे. द्वारकाबाई, डाळीचं पातेलं घ्या. पन्हं न्यायला मी पाठवते कुणाला तरी."

आणि सगळ्या गेल्या! माझी गौर, माझी डाळ, थोड्या वेळाने माझं पन्हंही. मी तळहाताने नळ दाबून एकटी. भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, डाळ काय सुरेख झालीय हो!"

"ती माझी आहे!" मी भिंतीला ओरडून सांगितलं. पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

वहिनींनी त्यांच्या नळवाल्याला, कासमचाचांना, धाडलं. त्यांनी रस्त्यावरची चावी फिरवून पाणी बंद केलं. मी दाराआड गेले. तेवढ्यात हे कचेरीतून आले. घोटाभर पाण्यात जोडे हातात घेऊन उभे! त्यांना पाहून कासमचाचा म्हणाले, "अरे साहेब, आ घर तमारुं? मग मला का नाही बोलावलं?"

"अहो, तुम्ही ओळखता यांना?" मी दाराआडून विचारलं.

"ओळखतो म्हणजे? शेजारी मीच तर पाठवलं होतं यांना."

"आणि आपल्याकडे?"

"तूच जेवताना म्हणालीस ना, आपली धार कशी सोज्वळ आहे, त्यांच्यासारखा दंगा नको म्हणून?"

म्हणाले होते खरी. जळफळाटात बाई काय वाटेल ते बोलते, आणि नवरा नेमकं तेवढंच ऐकतो!

कासमचाचांनी तासाभरात नवा सांधा बसवला. यांनी नळ सोडून पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "बघ, आता धार अगदी उमावहिनींच्या नळासारखी! झालं ना समाधान?"

"सारखी?" ओला पदर पिळत मी म्हटलं, "सारखीच हवी असती, तर एवढी आळी भिजवली असती का मी?"