तिघांच्या जेवणाचा फोटो

थेरगावात फ्लेक्सच्या दुकानापाशी ताज्या शाईचा वास आला की डिझाइनच्या क्लासमधला माझा पहिला प्रोजेक्ट आठवतो. वेगवेगळे फोटो जोडून एक चित्र करायचं होतं. आई परभणीला, पप्पा चाकणला कंपनीत आणि मी कासारवाडीच्या खोलीत. मी तिघांना कॉम्प्युटरवर एकत्र जेवायला बसवलं, सावल्याही नीट जुळवल्या.

सुट्टीला पप्पा भेटायला आले, तेव्हा प्रिंट त्यांच्या हातात दिली. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे कधीचं गं? मला कसं आठवंना?"

"पप्पा, जोडलेला फोटो आहे तो."

"व्हय का," म्हणत त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

काम इतकं खरं वाटलं म्हणून मी तेव्हा हरखले होते. आता एकटी जेवायला बसते तेव्हा कळतं, पप्पा ते जेवण खरोखरच आठवून बघत होते.