फरशीखाली पाणी पिणारा

"तिथं नको बसू, ताई. तो पाणी पितोय."

चार वर्षांची मुक्ता हॉलमधल्या एका फरशीकडे बोट दाखवत होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गंगापूर रोडला मळा मोडून बांधलेला एक बंगला भाड्याने घेऊन सुमनताईंनी माँटेसरी शाळा काढली होती. मी तिथे शिकवायचे. आमच्याकडे शांततेचा खेळ असतो. मुलं गोल करून बसतात, डोळे मिटतात, हूं की चूं करत नाहीत. मग कुणाला काय ऐकू आलं ते सांगायचं. कावळा, सायकलची घंटी, शेजारचा कुकर.

मुक्ता रोज एकच सांगायची. खालून 'घुटुक'. म्हटलं, पोरीची कल्पना! पण हळूहळू सगळीच मुलं तेच सांगायला लागली. आणि कुणी काही न सांगता गोलात ती जागा मोकळी सोडायला लागली. एरवी जागेवरून मारामाऱ्या करणारी ही कार्टी, पण त्या फरशीवर कुणाचा पाय पडेना.

एका दुपारी मुलं घरी गेल्यावर मीच तिथे कान लावला. आधी काहीच नाही. मग खोलवरून, सावकाश, घुटुक. थांबलं. पुन्हा घुटुक. मी अशी धडपडत उठले की पदर पायात आला. जरा धीर आल्यावर बत्त्याने फरशी ठोकून पाहिली. पोकळ!

सुमनताई वैतागल्या. "शनिवारी पालक यायचेत. ॲडमिशनचे दिवस. शाळेत भूत आहे असा बोभाटा करायचाय का तुला?"

"भूत असलं तर लिंबू उतरवू. पण फरशी पोकळ वाजतेय, ताई."

"जुनं बांधकाम आहे. सतरंजी टाक आणि पालकांना बसव."

"मी नाही बसवणार. मुलांनाही नाही. उद्यापासून माझा वर्ग बाहेर, आंब्याखाली."

"नोकरी नकोय का?"

"नोकरी दुसरी मिळेल. एखादं पोर खाली गेलं तर कुठून आणायचं?"

शेवटी त्यांनी माझं ऐकलं. मग गवंडी बोलावला. त्याने पहारीने फरशी उचकटली आणि "आई गं!" म्हणत मागे सरकला. खाली माती नव्हतीच. नुसता काळोख, आणि तोंडावर गार हवा.

घरमालकाला फोन लावला. तो आरामात म्हणाला, "हो, मळ्याची विहीर होती ना तिथे. वडिलांनी बुजवली."

बुजवली कसली, डोंबल! वर लाकडं टाकून झाकली होती. ती कुजून भुगा झाली होती. इतके दिवस माझी मुलं ती एक फरशी तेवढी सोडून विहिरीच्या तोंडावरच गाणी म्हणत उड्या मारत होती.

गवंडी म्हणाला, "माती पाण्यात पडत आसंल, बाई. त्येचाच आवाज."

पटलं. त्याने दोरीला बादली बांधून तळापर्यंत सोडली. वर आली ती कोरडी ठणठणीत, बुडाला धूळ. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

विहीर दगड-मुरमाने गच्च भरून घेतली. पालकसभा आंब्याखाली झाली, ॲडमिशनही झाल्या. तेव्हापासून शाळेसाठी कुठलीही नवी जागा बघायची असली की सुमनताई मला नेतात. मालक रंग दाखवतो, खिडक्या दाखवतो. मी आधी चप्पल काढून फरशी ठोकते. मालक हसतात. हसू देत बापडे.