लग्नघरचं पाणी

डोळ्यांना पट्ट्या बांधून यांना इस्पितळातून घरी आणलं, त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला नाही. देवीचंच काम करताना माणसाचे डोळे जात असतील, तर तिच्यापुढे हात कशाला जोडायचे, असं मनात आलं. एरवी औषधं, किराणा, मुलांच्या फिया, सगळं यादी करून निभावणारी मी. पण यांची नजर गेली तर पुढे काय, याची यादी मला करता येईना.

हे मूळचे पूर्व बंगालचे. वडील मातीच्या मूर्ती घडवत. देश सुटला, रायपूरकडच्या निर्वासितांच्या छावणीत वडीलही वारले, आणि हे काम शोधत नागपूरला आले. इथे मातीच्या मूर्तींना मागणी वर्षातून दोनदा, म्हणून सिमेंट आणि चुन्यात हात घातला. इथल्या महाल भागातल्या कितीतरी घरांच्या दारांवरच्या लक्ष्म्या, गच्चीच्या कठड्यांवरचे हत्ती यांच्या हातचे. मी इथलीच, लग्नाला माझ्या घरच्यांनी बराच काळ नाक मुरडलं. पुढे माझ्या भावानेच आपल्या नव्या घरावर मोर करून घेतला.

त्या उन्हाळ्यात महालातल्या एका देवळाच्या शिखरावर देवीच्या मूर्तीचं काम चाललं होतं. यांच्याकडची रीत अशी, की मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी, उपाशीपोटी उघडायचे, म्हणजे कोरायचे. तेवढंच उरलं होतं. काम आटोपलं की लगेच जेवता यावं म्हणून मी डबा घेऊन गेले. हे परांचीखाली उभे राहून मूर्तीचा चेहरा न्याहाळत होते, आणि वरून ओल्या चुन्याचं घमेलं निसटलं. सगळा चुना तोंडावर.

एक मजूर डोळ्यांत घालायला तूप आणायला धावला. देवळाचं टाकं कोरडं, नळाला पाणी सकाळीच यायचं. तेवढ्यात गल्लीतून एक ठेलेवाला आला. ठेल्यावर गोणपाटाने झाकलेले पाण्याचे दोन ड्रम.

"बसवा गा त्यायले खाली पहिले," तो ओरडला. "काहून पाहून राहिली माय? डबा रिकामा कर अन् पाणी घे!"

"अबे, लग्नाचं पाणी हाय ना ते? पाहुणे काय पितीन?" कोणीतरी म्हणालं.

"पाहुण्यायले उशीर होईन थोडा. डोये थांबते का?"

मी डब्यातला भात मातीत ओतला आणि पाणी घालत राहिले. तो यांच्या पापण्या बोटांनी उघडून धरत होता. हे कळवळत होते, तरी विचारत होते, "देवीच्या तोंडावर तर नाही ना उडाला?"

"बुढ्या, तुयं तोंड पाह्य पहिले!" ठेलेवाला म्हणाला, आणि त्या अवस्थेतही हे हसले. दोन्ही ड्रम संपले तेव्हा आम्ही यांना रिक्षात बसवलं. मागे वळून पाहिलं, तर ठेला गेलेला होता.

डॉक्टर म्हणाले होते, "लगेच धुतलंत म्हणून आशा आहे. पट्टी सुटल्यावर कळेल." ते वाक्य रागाच्या भरात मी ऐकूनही ऐकलं नव्हतं. पट्टी सुटली. डावा डोळा धूसर राहिला, उजव्याने यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रोडावलीस की गं."

पुढे यांनी उपाशीपोटी शिखरावर चढून देवीचे डोळे उघडले. डाव्या डोळ्याची उणीव बोटांनी चाचपून भरून काढली.

मी गल्लोगल्ली विचारत फिरले. त्या दिवशी आसपास बरीच लग्नं होती. तो माणूसही सापडला नाही, लग्नघरही नाही. आधी याची फार रुखरुख वाटे, कारण घेतलेलं परत करायची माझी सवय. आता वाटतं, काही गोष्टी परत करण्यासाठी मिळतच नाहीत. त्या ओंजळ पुढे करून फक्त घ्यायच्या असतात. देवीपुढे मी आज तेवढंच करते. आणि मनात म्हणते, त्या दुपारी मांडवात जे कोणी तहानलेले बसून राहिले, पाणी का आलं नाही म्हणून चिडले, त्या सगळ्यांचं भलं कर.