इम्पॅक्ट शिकवणाऱ्यांचा इम्पॅक्ट

काही घरांत प्लास्टिकचे डबे आपोआप वाढत जातात, तसे आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये किस्से वाढतात. कोणी मुद्दाम जमवत नाही. शहाण्या माणसांनी एकत्र बसून इतरांना शहाणं करायचं ठरवलं की ते होतातच!

इन्स्टिट्यूट ड्रेस्डेनमध्ये आहे. दर उन्हाळ्यात आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांमधून सरकारी अधिकारी आणि संशोधक येतात. सरकारी योजनेचा खरंच उपयोग झाला का, हे कसं तपासायचं ते आम्ही त्यांना शिकवतो. सारख्या लोकांचे दोन गट घ्यायचे, एकाला योजना द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि मग फरक बघायचा. याला म्हणायचं इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन. मी पीएचडी संपवून याच कोर्सवर असिस्टंट म्हणून चिकटले आहे.

हे सगळं सासूबाईंना फोनवर एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे आफ्रिकेत काय चाललंय, ते आफ्रिकेतल्या लोकांना जर्मनीत बोलावून सांगायचं. आणि सांगणार कोण, तर पुण्याची मुलगी!"

"हो, आई."

"मग जर्मन लोक काय करतात गं?"

"कॉफी ब्रेक वेळेवर घेतात."

*

आमचे प्रोफेसर म्हणजे या विषयातलं बडं प्रस्थ. पहिल्या दिवशी ते कोटाचं बटण लावतात आणि सांगतात, "मी आयुष्यभर आफ्रिकेत काम केलंय."

या वर्षी घानाहून मेन्सा नावाचा तरुण संशोधक आला होता. त्याने कौतुकाने विचारलं, "आफ्रिकेत कुठे, सर?"

प्रोफेसरांनी कोटाचं बटण पुन्हा चाचपलं. मग म्हणाले, "मुख्यतः डेटामध्ये."

*

ऑफिस सांभाळणाऱ्या फ्राऊ लेन्झ, म्हणजे लेन्झबाई, स्वभावाने वाईट नाहीत. फक्त पाहुण्यांना त्या नर्सरीतली मुलं समजतात. आल्या आल्या त्यांचं एक भाषण असतं. नळाचं पाणी पिता येतं. काचेच्या बाटल्या वेगळ्या टाकायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ! "आल्झो, तर मंडळी, जर्मनीत आठ म्हणजे आठ. साडेआठ नाही!" हे वाक्य बोलताना त्या एक बोट वर करतात.

समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक आपापल्या देशात मंत्र्यांच्या बैठका लावणारे. ते गुमान ऐकून घेतात. मला मात्र दरवर्षी जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

शनिवारी सगळ्यांना बर्लिन दाखवायला न्यायचं होतं. आम्ही वेळेआधी स्टेशनवर हजर. गाडी उशिरा येणार अशी घोषणा झाली. मग आणखी उशिरा. मग रद्द! फ्राऊ लेन्झ लालबुंद. त्या मोबाइलवर दुसरी गाडी शोधायला लागल्या. तेव्हा युगांडाच्या शिक्षण खात्यातल्या नाकाटोबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. आम्हाला समजतं. विकास हळूहळूच होतो."

*

एकदा बॉनहून एक पाहुणे तज्ज्ञ लेक्चरला आले. ब्रेकमध्ये मी मशीनजवळ कॉफी घेत उभी होते. त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं, "तुम्ही कुठल्या देशातून आलात?"

मी गंमत म्हणून सांगितलं, "पुणे."

"वुंडरबार!" ते म्हणाले, "तिथल्या निवडणुका शांततेत पार पडल्या ना?"

पुण्याला वेगळा देश म्हटल्याचा मला राग आला नाही. कुठल्याच पुणेकराला येणार नाही. पण या गृहस्थांचं लेक्चर होतं 'स्थानिक संदर्भाचं महत्त्व' या विषयावर!

*

कोर्समध्ये दोन गटांची कल्पना समजावण्यासाठी प्रोफेसरांचा एक लाडका खेळ आहे. वर्गातल्या निम्म्या लोकांना मोठं चॉकलेट द्यायचं, उरलेल्यांना काही नाही. तासभराने दोन्ही गटांना विचारायचं, मूड कसा आहे? मिळालेले खूश, न मिळालेले नाराज. झाला इम्पॅक्ट सिद्ध!

जर्मन विद्यार्थ्यांवर हा खेळ कधीच फसलेला नाही.

या वर्षी तासभराने प्रोफेसरांनी विचारलं, तर सगळेच खूश. चौकशी केली. नाकाटोबाईंनी चॉकलेट हातात पडताक्षणी तुकडे करून शेजारीपाजारी वाटून टाकलं होतं. त्यांचं बघून बाकीच्यांनीही.

"तुम्ही प्रयोग बिघडवलात!" प्रोफेसर ओरडले.

नाकाटोबाईंनी हातरुमालाने बोटं पुसली. "सर, शेजारी माणूस बसलेलं असताना अख्खं चॉकलेट एकट्याने खातात, ही माहिती तुम्ही आम्हाला आधी द्यायला हवी होती."

*

आता चिठ्ठ्यांचं सांगते. कोर्सला अर्ज भरपूर येतात आणि जागा कमी असतात. प्रोफेसर पात्र लोकांच्या नावाच्या चिठ्ठ्या करतात, फ्राऊ लेन्झच्या ख्रिसमस बिस्किटांच्या डब्यात घालतात आणि डोळे मिटून काढतात. "निवडसुद्धा शास्त्रीय!" हे ते दर भाषणात सांगतात. ज्याची चिठ्ठी निघाली तो ड्रेस्डेनला, बाकीचे घरी.

इतकं सगळं शास्त्रीय असताना कोर्सचा उपयोग होतो की नाही हे कसं कळतं? तर शेवटी एक फीडबॅक फॉर्म देतात, त्यावर हसरे आणि रडके चेहरे. नाव लिहून फॉर्म दिल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. त्यामुळे आजवर एकही रडका चेहरा आलेला नाही.

मेन्साने भर वर्गात हात वर केला. "सर, काल तुम्हीच शिकवलंत, की नुसतं 'आवडलं का' विचारणं म्हणजे इव्हॅल्युएशन नव्हे."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" प्रोफेसर म्हणाले. "पण ते तुमच्या प्रोजेक्ट्ससाठी. हा आमचा कोर्स आहे."

*

हसत होतो आम्ही, पण या वर्षी मला धास्ती होती. कोर्सचं फंडिंग संपत आलं होतं. ते पुढे द्यायचं की बंद करायचं हे ठरवायला बर्लिनच्या मंत्रालयातल्या एक मॅडम शेवटच्या दिवशी येणार होत्या. कोर्स बंद म्हणजे माझं काँट्रॅक्ट बंद, आणि माझा व्हिसा त्या काँट्रॅक्टवर. नवऱ्याला, समीरला, मी रात्री म्हटलं, "अरे, आपलं काही खरं नाही." आमची लेक जेवता जेवता म्हणाली, "या, या." म्हणजे जर्मनमध्ये हो, हो. तिला काही कळलं नव्हतं, पण मला रडू आलं.

शेवटच्या दिवशी प्रत्येक गट एका योजनेचं इव्हॅल्युएशन सादर करतो. नाकाटोबाई आणि मेन्साचा गट उठला. पहिल्याच स्लाइडवर आमच्या इन्स्टिट्यूटचा फोटो! त्यांनी कोर्सचंच इव्हॅल्युएशन केलं होतं.

"निवड चिठ्ठ्या टाकून होते, म्हणजे दोन गट आयतेच तयार आहेत," नाकाटोबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी इथे आलेले, आणि गेल्या वर्षी न आलेले. न आलेल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आम्ही दोन्ही गटांना, त्यांच्या साहेबांनाही, कामाबद्दल विचारलं."

मॅडमनी चष्मा लावला.

"फरक एकच सापडला. न आलेल्यांनी वर्षभरात जास्त इव्हॅल्युएशन्स पूर्ण केली." बाईंनी स्लाइड बदलली. "कारण ते ऑफिसमध्ये होते."

प्रोफेसर उठून उभे राहिले. "सॅम्पल फार लहान आहे!"

"बरोबर आहे सर. पुढच्या वर्षी आणखी लोकांना नाकारा."

मॅडम मोठ्याने हसल्या. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांसमोर बांधलेल्या बॅगा दिसत होत्या. मग मॅडम पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "पण काम अतिशय चोख आहे हं. हे इथेच शिकलात ना?"

प्रोफेसरांचा चेहरा उजळला. माझा जीव भांड्यात पडला. अगदी हाच पुरावा तर हवा होता! मी मनातल्या मनात नाकाटोबाईंना हात जोडले. हो म्हणा बाई, एकदाच हो म्हणा.

"नाही मॅडम, कंपालात, माझ्या ऑफिसमध्ये," नाकाटोबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी माझी चिठ्ठी निघाली नव्हती."