फाटकाकडे तोंड करून

काकूंना कुत्री आवडत नसत. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि तेही एखाद्या खंगलेल्या कुत्र्याचे कान पुसता पुसता. "मी काई कुत्र्यावाली बाई नाई, मास्तरीन. हे मरन अन् मी सुटीन." अकोल्याला जठारपेठेत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहत होते आणि शाळेत शिकवत होते, म्हणून मी मास्तरीन. रस्त्यावरची कुत्री वाचवणाऱ्या मंडळींकडची जी म्हातारी कुत्री कोणीच नेत नसे, ती अखेरच्या दिवसांसाठी काकूंकडे यायची. "पिल्लं तं सारेच नेतात. म्हाताऱ्याले कोन नेते?" एवढं बोलून त्या दुधाचं पातेलं पुढे सरकवायच्या. वकिलाच्या घरात उभा जन्म काढला, पण मोर्शीची माहेरची बोली काही सोडली नाही.

काळा कुत्रा आला तो ऐन उन्हाळ्यात; मी त्याला नुसतं काळा म्हणायचे. गळ्यावर पट्ट्याचा घासलेला वण होता, म्हणजे कोणीतरी पाळलेला. हायवेवर एका ढाब्यापाशी गाडीतून उतरवून त्याचे लोक निघून गेले होते. मूत्रपिंडं निकामी झालेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आला आणि अंगणात फाटकाकडे तोंड करून बसला. एरवी कुठलंही कुत्रं आठवड्याभरात काकूंच्या पायांत घुटमळू लागायचं. यानं त्यांच्याकडे पाठ केली ती केलीच.

काकूंना ते फार लागलं. सकाळी तांदूळ निवडायला पायरीवर बसल्या की त्याचं आधीचं नाव सापडावं म्हणून त्या एकेक नाव घेऊन त्याला हाका मारत. मोती, राजा, शेरू, टायगर. शेजारपाजारचेही नावं सुचवून जात. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी तर इंग्रजी नावांची रांगच लावली. काळ्याचा कान हलत नसे. "एक नाव लागलं पायजे फक्त," काकू म्हणत. "एक डाव माह्याकडं पाह्यलं पायजे यानं. मंग मेला तरी चालते." त्या हे इतक्या साधेपणानं म्हणायच्या, की हसावं की रडावं ते मला कळत नसे.

त्याला सोडून गेलेल्या लोकांना मी सडकून शिव्या द्यायचे. काकूंनी कधी दिल्या नाहीत. "लोकाइले कामं रायतात, वो." त्यांचा मुलगा हैदराबादला होता, दर दिवाळीला येतो म्हणायचा आणि मग फोन करायचा. हे लक्षात आल्यावर मीही तोंड आवरलं.

ऊन असं, की दुपारी फाटकाच्या कडीला हात लावता येत नव्हता. घरात कूलर चालू, पण काळा आत यायला तयार नाही. काकूंनी फाटकाला ओलं गोणपाट बांधलं. मग वायर ओढून कूलरच अंगणात आणून ठेवला. "काकू, सारं जठारपेठ थंड करता का?" असं मी विचारलं तर म्हणाल्या, "करतो. तुमच्या बापाची लाइट जाते का?"

सगळ्यात वाईट शनिवार. काळा कुत्रा म्हटल्यावर कुठून कुठून लोक तेल लावलेली पोळी घेऊन येत. कोणाला साडेसाती, कोणाच्या मुलाचं लग्न जमत नाही. कडी वाजली की काळा थरथरत उठायचा. आलेल्या माणसाचे पाय हुंगायचा, हात हुंगायचा, पोळीला नाक न लावता परत येऊन कोसळायचा. पुन्हा कडी वाजली की पुन्हा उठायचा. एका शनिवारी काकू लाटणं घेऊन बाहेर आल्या. "तुमचा शनी जाचा तवा जाईन! त्याले कितीक डाव उठवता? तो दरखेपी समजते का त्याचे लोक आले!" पोळीवाली बाई घाबरून गेली. बिचारीची पोळी आमच्या फाटकावरच राहिली.

पुढे त्यानं पाणीही सोडलं. जनावरांचे डॉक्टर सकाळी येऊन बघून गेले. हाल होताहेत, संध्याकाळी येऊन इंजेक्शन देतो म्हणाले. काकू दुपारभर त्याच्याजवळ बसून होत्या. नावं घेणं त्यांनी थांबवलं होतं. मग एकाएकी उठल्या, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेल्या. मला वाटलं, त्याचे हाल बघवत नाहीत म्हणून गेल्या.

बाहेरून कडी जोरात वाजली. फाटक सताड उघडून काकू आत आल्या, पाय आपटत, मोठमोठ्यानं बोलत. "आलो रे बाबा! आलो! घ्याले आलो तुले!"

काळ्यानं मान उचलली. वास घेण्याइतकंही त्याच्यात काही उरलं नव्हतं. शेपटी जमिनीवर आपटायला लागली, आणि घशातून असा काही आवाज निघाला, जो मी त्याच्याकडून कधीच ऐकला नव्हता. काकू धुळीत बसल्या, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो त्यांचा हात चाटत राहिला. डॉक्टर यायच्या आतच संपला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "काकू, शेवटी पाहिलं त्यानं तुमच्याकडे."

"माह्याकडं नाई, वो." काकू अजून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. "त्याचे लोक आले होते. अन् त्याइले हे मालूमबी नाई."