शास्त्रावर हात ठेवून

"शास्त्रावर हात ठेवा आणि म्हणा, माझा विश्वास कमी पडला."

आमच्या मंडळीचे प्रमुख, एल्डरसाहेब, हे माइकवर म्हणाले. रविवारची उपासना, नाशिक रोडचं आमचं छोटं चर्च, आणि सगळ्या मंडळीपुढे मी उभा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या बेल्टवर ड्युटी करणारा माणूस. तिसऱ्या बाकावर बायको. केस गेलेले, म्हणून डोक्याला स्कार्फ. ती माझ्याकडे बघत नव्हती.

त्या चर्चमधला मी खुर्च्या उचलणारा. सतरंज्या, माइकच्या वायरी, चहाचं पातेलं, सगळं माझ्याकडे. शास्त्रवाचन, म्हणजे उपासनेत बायबल वाचणं, मात्र कधीच नाही. "ब्रदर, तुमचे उच्चार जरा गावाकडचे आहेत," एल्डरसाहेब हसत सांगायचे. त्यांचे पणजोबा मिशनच्या काळातले पाळक. माझे वडील सिन्नरकडच्या एका गावकुसाबाहेरचे, चालत नाशकात आलेले. मीही हसायचो. आपण हसलो की अपमान होत नाही, अशी माझी समजूत. हसायला मी पहिल्यापासून हुशार.

तर बायकोच्या छातीतली गाठ काढली होती. डॉक्टरांनी सहा केमो सांगितले. दोन झाले, त्यात ती उलट्यांनी पिळून निघाली. तेव्हा एल्डरसाहेब तेलाची बाटली घेऊन घरी आले. शास्त्र उघडलं. मंडळीतल्या वडीलजनांनी आजाऱ्याला तेल लावून विश्वासाने प्रार्थना करावी, तो भाग वाचला. म्हणाले, "हा देवाचा श्वास आहे. यात कानामात्रा चुकत नाही. आता दोन्ही डगरींवर पाय नको. एक तर हे, नाहीतर डॉक्टर."

बायको उशीला टेकून म्हणाली, "अहो, शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांतला एक वैद्य होता म्हणे. त्यानं आपली औषधं फेकून दिली होती का?"

"सिस्टर, प्रश्न सैतानही विचारतो."

तिला मी गप्प केलं. मीच. दवाखान्याची फाईल कपाटावर टाकली. तिसऱ्या केमोची तारीख चुकवली, चौथ्याचीही. रोज संध्याकाळी दोघं गुडघे टेकायचो. आणि मी गावभर सांगत सुटलो, बरी होतेय, रंग बघा तिचा! रंग उतरत होता. मला तो दिसत नव्हता, एवढा माझा विश्वास.

मग काखेत नवी गाठ लागली. एल्डरसाहेबांना फोन केला. ते जरासुद्धा अडखळले नाहीत. "शास्त्र चुकत नाही. म्हणजे तुमच्या घरात कोणीतरी चुकलंय. मंडळीपुढे कबुली द्या. मग पुन्हा तेल लावू."

म्हणून उभा होतो. त्यांनी शास्त्र पुढे धरलं. मी हात ठेवला. खरं सांगतो, बोलणारच होतो. मान हलवायची सवय जन्माची. पण वाक्य तोंडात आलं आणि अडकलं. या पुस्तकावर हात ठेवून मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो. आणि हे खोटं होतं.

मी म्हणालो, "माझा विश्वास कमी नव्हता. पूर्ण होता. म्हणूनच मी तिचं औषध बंद केलं."

एल्डरसाहेबांनी माइक बाजूला ओढला. "शास्त्राला खोटं पाडताय?"

"शास्त्राला नाही. तुम्हाला. तुम्ही कधीपासून शास्त्र झालात?"

मी शास्त्रावरचा हात काढला आणि तिसऱ्या बाकाकडे गेलो. बायकोचा दंड धरून तिला बाहेर आणलं. ती पुटपुटली, "केवढ्यानं ओरडलात! पायरी बघा आता, पडाल."

दुसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "ते दोन महिने महत्त्वाचे होते. आता प्रयत्न करू."

ती जगेल का, मला माहीत नाही. तिचे दोन महिने मी खाल्ले. याची क्षमा शास्त्रात असेल. मी अजून मागितलेली नाही. शास्त्र चुकत नाही हे मी आजही मानतो. पण ते हातात धरणारा चुकत नाही, हे आता कोणाच्या बापाकडून ऐकून घेणार नाही.

इंदिरानगरात आमच्याच मंडळीतली एक शिक्षिका राहते. शुगरची पेशंट. एल्डरसाहेब तेल लावून गेल्यापासून तिने इन्सुलिन बंद केलंय, असं परवा कळलं. येत्या रविवारी, ऐन उपासनेच्या वेळी, मी तिच्या घरी जाणार आहे. बायको म्हणते, मीपण येते. तिला आता जिने चढवत नाहीत. उचलून नेईन. त्या बाईला बायकोची छाती दाखवू, काख दाखवू. दार उघडलं नाही तर दारात बसून राहू.