चेकनाक्याच्या आतला जावई

वधू-वर सूचक मंडळाच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला त्या दिवशी मला जेवणाचंसुद्धा भान नव्हतं. भाईंदर पूर्वेला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर ते ऑफिस. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणायचे. तोवर स्थळांची माहिती बुटांच्या खोक्यांत असायची. कुणी 'पदवीधर, उंच, पत्रिका न बघणारा' मागितला की मी अख्खं खोकं उपसायचे, आणि धुळीने शिंका आल्या की वर काकूंची बोलणी खायचे.

आता पडद्याच्या एका बाजूला रांगेने चौकोन होते: वय, शिक्षण, उंची, नोकरी, राहण्याचं ठिकाण. हवी ती खूण केली की अटीत न बसणारी स्थळं गायब, बसणारी तेवढी समोर. याला फिल्टर लावणं म्हणतात, असं सॉफ्टवेअर बसवणारा माणूस सांगून गेला, आणि मी दुपारभर नुसते फिल्टरच लावत बसले. वर्गणी संपलेले सभासद वेगळे काढले, पुनर्विवाहवाले वेगळे, नोकरीवालीच हवी म्हणणारे वेगळे. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अगं, एवढ्याला मला आठवडा लागायचा!" असं म्हणून त्यांनी खालून वडापाव मागवले.

पण माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, ते म्हणजे ताईचं लग्न. ताईने तिशी ओलांडली होती. गोडदेवच्या एका शाळेत ती शिकवायची, आणि दिसायला माझ्यापेक्षा कितीतरी उजवी. सगळं अडलं होतं ते बाबांच्या एका अटीवर. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो, ते बाबांच्या मनाला इतकं लागलं होतं की फोनवर ते कायम "मुंबईहून बोलतोय" म्हणायचे. जावई दहिसर चेकनाक्याच्या आतलाच हवा, म्हणजे खास मुंबईतला. आणि मुंबईतली मंडळी भाईंदरचं नाव ऐकलं की "फार लांब पडतं हो" म्हणून फोन ठेवायची.

मी ताईसाठी बाबांच्या सगळ्या अटी लावल्या. पडद्यावर उरली ती नकार दिलेलीच स्थळं. मग मुंबईची खूण तेवढी काढली. पडदा भरून स्थळं आली! सगळ्यात वर होता पेणकरपाड्याचा, म्हणजे चेकनाक्याच्या जेमतेम बाहेरचा, एक मुलगा. औषधांच्या कंपनीत केमिस्ट, घरात फक्त आई, हसरा चेहरा. मी एवढ्या जोरात ओरडले की काकू हातातला वडापाव टाकून धावत आल्या.

"शॉक लागला काय गं?"

"स्थळ लागलं, काकू!"

घरी मात्र बाबांनी माझ्या सगळ्या उत्साहावर पाणी ओतलं. "नाक्याच्या बाहेरचा? मी आलो ते नाइलाजाने. पोर तरी परत जाऊ दे."

"मला इथून शाळेत चालत जाता येतं, बाबा," ताई हळूच म्हणाली. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला असा संताप आला! इतकी वर्षं तिच्या लग्नाबद्दल तिला सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं. मी तणतणत म्हटलं, "उद्या ऑफिसात या. काय ते डोळ्यांनी बघा."

बाबा आले, तेही इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. मुलं दाखवलीच नाहीत. पेणकरपाड्याच्या त्या मुलाच्या आईने मुलीसाठी घातलेल्या अटी शोधून काढल्या आणि त्या एकेक करून लावत गेले. पदवीधर हवी. ताईचा फोटो जागच्या जागी. नोकरी करणारी. ताई होतीच. प्रत्येक खुणेबरोबर मुली कमी होत होत्या, ताई वर सरकत होती, आणि बाबा खुर्चीत ताठ होत होते.

"बघ, आपली आहे की नाही! काकू, बघताय ना?"

मग मी शेवटची अट लावली. मुलगी मुंबईतलीच हवी.

ताई दिसेनाशी झाली.

"अगं, कुठे गेली?" बाबा पडद्याला नाक लावून बघायला लागले. "काय पुसलंस तू?"

"काही पुसलं नाही, बाबा. त्यांनाही नाक्याच्या आतलीच हवीय."

"ही कोण टिकोजीराव? स्वतः पेणकरपाड्यात राहायचं आणि आमच्या मुलीला..." बाबा मध्येच थांबले. काकूंनी तोंडाला पदर लावला. मलाही हसू येत होतं, पण बाबांचा चेहरा बघून ते मी गिळलं. ताईचा फोटो जिथे होता, त्या मोकळ्या जागेवर त्यांची नजर खिळली होती.

मग त्यांनी माझ्या हातातून माउस घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच धरत होते. बाण इकडेतिकडे पळत होता, पण मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. शेवटी त्यांनीच ती खूण काढली. ताई परत आली, शाळेच्या गॅदरिंगमधल्या निळ्या साडीतली.

"त्या बाईंना फोन लाव," बाबा म्हणाले. "त्यांनाही इथे बोलावू. त्यांनाही हे दाखव."

मी नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडून कुणीतरी उचलला. बाबांनी घसा साफ केला.

"नमस्कार," ते म्हणाले, "मी भाईंदरहून बोलतोय."